बुजरा घोडा मारून धीट होत नाही. मग रपेटीसाठी भरवशाचा कसा होतो?

लग्नसराई सुरू झाली की मोबाईलवर एका प्रकारचे व्हिडीओ हमखास फिरतात. नवरदेवाचा परण्या मारुतीच्या देवळाकडे निघालेला असतो, समोर डीजे दणाणत असतो, कुणीतरी फटाक्यांची माळ लावतं आणि पुढच्या क्षणाला घोडा नवरदेवासकट गर्दीतून सुसाट सुटतो. खाली कमेंटमध्ये हसणाऱ्या इमोजींची रांग. एक जण लिहितो, "घोडा पिसाळला." दुसरा सल्ला देतो, "दोन चाबूक हाणले असते तर सरळ झाला असता."

यातल्या दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत. तो घोडा पिसाळलेला नसतो, घाबरलेला असतो. आणि चाबकाने तो सरळ होत नाही, उलट त्याची भीती दुप्पट होते.

विषय हसण्यावारी नेण्यासारखा नाही. साडेतीनशे ते चारशे किलो वजनाचं जनावर उधळतं, तेव्हा पाठीवरचा माणूस, रस्त्यातली लहान पोरं आणि खुद्द घोडा, तिघांचाही जीव धोक्यात येतो. मराठवाड्यात हौसेनं घोडा पाळणारे आजही आहेत. कुणी नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावच्या यात्रेतून घोडा आणतं, कुणी थेट नंदुरबारमधलं सारंगखेडा गाठतं. घरी आणल्यावर कळतं की घोडा देखणा आहे, पण ट्रॅक्टर दिसला की थरथर कापतो. मग काय करायचं? अशा घोड्यावरून शेतशिवारात, डोंगरवाटेनं निर्धास्त रपेट मारता येईल इतका तो भरवशाचा होऊ शकतो का?

बहुतेक वेळा होऊ शकतो. पण कसा, हे समजून घ्यायला आधी तो घाबरतो का ते पाहावं लागेल.

घोडा बुजतो म्हणजे नेमकं काय होतं?

मराठीत यासाठी नेमका शब्द आहे, बुजणं. बैल बुजतो, घोडा बुजतो. पाखरांना बुजवायला शेतात उभं करतात ते बुजगावणं.

घोडा हा शिकार करणारा नाही, शिकार होणारा प्राणी आहे. त्याला शिंगं नाहीत, नखं नाहीत. उघड्या माळावर जगताना त्याच्याकडे सगळ्यात भरवशाचा उपाय एकच होता, पळून जाणं. गवत हललं की आधी पळायचं, ते वाऱ्यानं हललं की वाघानं हे नंतर बघायचं. जो विचार करत थांबला तो संपला, जो पळाला त्याची शिंगरं मोठी झाली. आजचे घोडे हे अशा पळणाऱ्यांचेच वंशज आहेत.

त्याचं शरीरही त्याच कामासाठी घडलेलं आहे. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्यामुळे त्याला मान न वळवता जवळपास ३५० अंशांतलं दिसतं. दिसत नाही ते फक्त दोन ठिकाणचं. एक म्हणजे कपाळाच्या अगदी समोरचं आणि दुसरं शेपटीच्या थेट मागचं. म्हणूनच मागून गुपचूप गेलेल्या माणसाला लाथ बसते. त्यात रागापेक्षा दचकण्याचाच भाग जास्त असतो.

त्याला निळा आणि पिवळा रंग ओळखता येतो, लाल रंग मात्र आपल्यासारखा दिसत नाही. उजेडातून अंधारात गेल्यावर त्याच्या डोळ्यांना सरावायला आपल्यापेक्षा जास्त वेळ लागतो. त्यामुळे पुलाखालचा काळोखी बोगदा त्याला आपल्यापेक्षा जास्त भीतीदायक वाटू शकतो. दोन्ही कान वेगवेगळ्या दिशांना फिरतात आणि माणसाला ऐकू न येणारे बारीक आवाजही टिपतात.

आता असा प्राणी जालन्याच्या शिवारात आणून बघा. मोसंबीच्या बागा, ठिबकच्या रानात चकाकणारा आणि वाऱ्यानं फडफडणारा मल्चिंग पेपर, बियाण्यांच्या प्लॉटवरच्या पांढऱ्या शेडनेट, उसानं भरलेल्या ट्रॉल्या, अचानक अंगावर येणारी वाड्यावस्तीवरची कुत्री, मागून हॉर्न वाजवत येणारी बाईक. आपल्याला हे रोजचं वाटतं. घोड्याच्या लेखी यातली प्रत्येक गोष्ट हलते, आवाज करते आणि ओळखीची नसते.

मारल्यानं काय होतं?

समजा, घोडा मल्चिंग पेपर बघून थबकला आणि त्याच क्षणी त्याला चाबूक बसला. त्यानं काय शिकलं? "कागदाला घाबरू नये" हे नाही. त्यानं शिकलं की कागद दिसला की दुखतं. म्हणजे त्याची भीती खरी ठरली! पुढच्या वेळी तो कागद दुरून दिसला तरी बुजेल आणि पाठीवरच्या माणसालाही बुजेल.

ही गोष्ट आजची नाही. ग्रीक सेनानी झेनोफोननं इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात घोडेस्वारीवर पुस्तक लिहिलं. रागाच्या भरात घोड्याशी वागू नये, ज्या वस्तूला तो घाबरतो तिच्यात धोका नाही हे त्याला हळूहळू दाखवावं आणि मारझोडीनं भीती वाढते, असा त्याचा सल्ला आहे. अलेक्झांडर आणि ब्यूसेफॅलसची प्लुटार्कनं सांगितलेली गोष्टही हीच. कुणाला आवरत नसलेला तो घोडा स्वतःच्या सावलीला घाबरतोय हे पोरसवदा अलेक्झांडरच्या लक्षात आलं. त्यानं घोड्याचं तोंड सूर्याकडे वळवलं आणि सावली मागे गेली. आधी कारण शोधलं, मग इलाज केला.

भीती दाबण्याचा दुसरा मार्ग म्हणजे काटेरी लगाम. तोंडात टोचणारी कडी घातली की घोडा दुखण्याच्या भीतीनं मान आवरून उभा राहतो आणि बघणाऱ्याला वाटतं शिकलेला आहे. पण हा प्रकार बेकायदेशीर आहे. प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याखाली १९६५ साली ओझ्याच्या आणि ओढकामाच्या जनावरांसाठी नियम झाले. त्यातल्या आठव्या नियमानुसार जनावर हाकताना किंवा त्यावर स्वार होताना काटेरी काठी, काटेरी लगाम किंवा जखम करणारी कोणतीही साधनं वापरता येत नाहीत.

इथे आणखी एक गोम आहे. सतत मार खाल्लेला घोडा कधी कधी एकदम गप्प होतो. फटाके वाजले तरी हलत नाही, डोळे मिटल्यासारखे, कान सैल. लोक म्हणतात, "किती गरीब आहे!" पण तो शांत नसतो, त्यानं हात टेकलेले असतात. आतली भीती तशीच असते. अशी भीती एक दिवस काही इशारा न देता बाहेर पडते. त्यामुळे गप्प घोडा आणि भरवशाचा घोडा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

जालन्याच्याच मातीतलं एक उदाहरण

२३ सप्टेंबर १८०३. आजच्या जालना जिल्ह्यातल्या असई गावाजवळ, केळणा आणि जुई या नद्यांच्या मधल्या जागेत एक मोठी लढाई झाली. एका बाजूला शिंदे आणि नागपूरकर भोसल्यांचं सैन्य, दुसऱ्या बाजूला आर्थर वेलस्लीच्या हाताखालची ईस्ट इंडिया कंपनीची फौज. हाच वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला.

त्या दिवशी वेलस्लीच्या दोन घोड्यांना मार बसला. एक घोडा ठार झाला आणि डायोमेड नावाच्या दुसऱ्या घोड्याला भाला लागला. डायोमेड पुढे त्यातून वाचला. नदी ओलांडताना तोफगोळ्यानं वेलस्लीच्या सोबतचा एक स्वार मारला गेला. त्याचं धड खोगिरातच अडकून राहिलं आणि बिथरलेला घोडा ते घेऊन अधिकाऱ्यांच्या घोळक्यात सैरभैर फिरत राहिला, असं त्या लढाईच्या वर्णनांत येतं.

म्हणजे लढाईसाठी तयार केलेला घोडाही घाबरतो. मग तोफांसमोर घोडदळ टिकायचं कसं? तर घोड्यांना आवाजाची सवय आधी लावलेली असायची. १९व्या शतकातल्या घोडदळांची एक ठरलेली रीत होती. घोडे चंदी खात असताना दूरवर बंदुकीचा बार काढायचा, ढोल वाजवायचे आणि दिवसागणिक तो आवाज जवळ आणायचा. घोड्याच्या डोक्यात बार आणि चंदी यांची जोडी बसायची. पुढे जालन्यात हैदराबाद कंटिंजंटची छावणी झाली, तिथेही घोडदळ असे.

नवा घोडा पाठीखाली तयार करणाऱ्या माणसाला आपल्याकडे चाबूकस्वार म्हणत. नावात चाबूक असला तरी चांगल्या चाबूकस्वाराचा खरा गुण धीर हाच असायचा.

आधी दुखणं तपासा, मग स्वभाव

घोडा बुजरा आहे हे ठरवण्याआधी त्याला काही दुखतंय का ते बघणं सगळ्यात महत्त्वाचं. खोगीर नीट न बसल्यामुळे पाठ सोलवटलेली असते. दाढांना धार आलेली असते, त्यामुळे लगाम ओढला की गालाला जखम होते. खूर वाढलेले असतात, नाल सैल झालेली असते. एका डोळ्यानं कमी दिसणारा घोडा त्या बाजूनं आलेल्या प्रत्येक गोष्टीला दचकतो. अशा घोड्याला कितीही शिकवलं तरी उपयोग नाही, कारण अडचण स्वभावात नाही, शरीरात आहे.

म्हणून पहिलं काम पशुवैद्यकाचं आणि नालबंदाचं. जालन्याहून जवळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय परभणीला आहे. तातडीच्या मदतीसाठी फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा १९६२ हा टोल फ्री क्रमांक आहे.

दुसरं म्हणजे खाणं आणि मोकळीक. घोड्याला दिवसाला त्याच्या वजनाच्या साधारण दीड ते दोन टक्के कोरडा चारा लागतो. साडेतीनशे किलोच्या घोड्याला पाच ते सात किलो. बरेच हौशी मालक चारा कमी आणि हरभरा, दाणा जास्त देतात, वर काम काहीच नाही. दिवसभर अगाडी-पिछाडी बांधून एकटा ठेवलेला, दाण्यानं तापलेला घोडा बाहेर काढला की उड्या मारणारच. पोटभर वैरण, रोजचं फिरणं आणि शक्यतो दुसऱ्या जनावराची सोबत, एवढ्यानंही बराच फरक पडतो.

पाठीवर बसण्याआधीची शाळा

शिकवणीचा पाया जमिनीवर पक्का होतो. पाठीवर बसण्याची घाई केली की तो कच्चा राहतो.

सुरुवात जवळ जाण्यापासून. समोरून किंवा मागून नाही, खांद्याच्या बाजूनं, बोलत बोलत जायचं. रोज ठरलेल्या वेळी खरारा करायचा. मानेच्या मुळाशी, खांद्याच्या उंचवट्यावर खाजवलं की घोड्याच्या हृदयाचे ठोके कमी होतात, हे अभ्यासांत दिसलं आहे. घोडे एकमेकांना नेमकं तिथंच खाजवतात.

मग मोहरकी आणि दोर. चल, थांब, मागे सर, मागचा भाग बाजूला घे, मान खाली कर, एवढ्या पाच गोष्टी घोडा हलक्या इशाऱ्यावर करायला लागला की अर्धी लढाई जिंकली. यामागचं तत्त्व सोपं आहे. दोराचा हलका दाब द्यायचा आणि घोड्यानं योग्य दिशेनं एक पाऊल टाकताच दाब सोडायचा. घोडा दाबातून शिकत नाही, दाब सुटण्यातून शिकतो.

इथंच बहुतेकांचं चुकतं. घोडा मान झटकतो, आपण घाबरून दोर सोडतो. घोडा शिकतो की मान झटकली की सुटका होते. म्हणजे आपण नकळत वाईट सवय शिकवलेली असते.

लांब दोरावर घोड्याला गोल फिरवण्याला जुन्या मराठीत कावा म्हणतात. घोड्याला दमवण्यासाठी हा कावा नसतो. चालता चालता तो आपल्याकडे कान देतोय का, थांब म्हटलं की थांबतोय का, हे त्यात बघायचं असतं.

भीती कमी कशी करतात?

घोड्याची भीती कमी करण्याचे ढोबळमानानं दोन रस्ते आहेत. एक, घोड्याला बांधून भीतीची वस्तू त्याच्यावर सोडायची आणि तो थकेपर्यंत थांबायचं. दोन, वस्तू इतक्या दूर ठेवायची की घोड्याला ती दिसते पण पळावंसं वाटत नाही, आणि मग थोडं थोडं जवळ जायचं.

डेन्मार्कमधल्या एका अभ्यासात २७ तरुण घोड्यांना हलणाऱ्या पांढऱ्या नायलॉनच्या पिशवीची सवय लावली गेली. काहींसमोर ती पूर्ण वस्तू एकदम आणली, काहींना सोबत बक्षीस दिलं आणि काहींना टप्प्याटप्प्यानं सरावलं. २००६ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की टप्प्याटप्प्यानं शिकवलेल्या घोड्यांनी सगळ्यात कमी वेळा पळण्याचा प्रयत्न केला आणि त्या गटातले सगळे घोडे शिकले. बाकीच्या गटांत काही घोडे शिकलेच नाहीत.

हेच आपल्या शिवारात कसं करायचं? मल्चिंग पेपरचंच उदाहरण घेऊ.

पहिल्या दिवशी कागदाचा तुकडा जमिनीवर दगड ठेवून पसरायचा. घोड्याला त्याच्याकडे चालवत न्यायचं. कुठल्या अंतरावर त्याचे कान ताठ होतात, मान वर जाते, पाय जड होतात ते बघायचं. समजा पंधरा पावलांवर. मग सोळाव्या पावलावरच थांबायचं. त्यानं मान खाली केली, जोरात श्वास सोडला, ओठ चाटले की लगेच मागे वळायचं. मागे वळणं हेच बक्षीस. पुढच्या खेपेला चौदा पावलं, मग बारा. कधी दोन पावलं पुढे, कधी एक मागे. शेवटी तो स्वतःच कागद हुंगतो.

मग दुसऱ्या बाजूनं पुन्हा सगळं पहिल्यापासून. कारण तीच वस्तू दुसऱ्या दिशेनं बघितली की घोड्याला ती नवी वाटू शकते. जाताना ज्या खांबापाशी तो मुकाट गेला, येताना त्याच खांबाला बुजतो, तो नाटक करत नसतो.

डीजेची सवयही अशीच लावता येते. स्पीकर लांब, आवाज बारीक, समोर वैरण. ट्रॅक्टर आधी बंद उभा, मग चालू पण उभा, मग हळू चालणारा. तोही आधी घोड्यापासून लांब जाणारा. लांब जाणाऱ्या वस्तूची भीती कमी वाटते, कधी कधी घोडा कुतूहलानं तिच्या मागे चालू लागतो.

एका वेळी दहा-पंधरा मिनिटं पुरतात. आणि थांबायचं ते घोडा शांत असताना, घाबरलेला असताना नाही.

सोबतीला एखादा सरावलेला घोडा असला तर काम सोपं होतं. भीतीला सरावलेल्या साथीदाराबरोबर असताना नवखे घोडे कमी बुजतात, हेही डॅनिश संशोधनात आढळलं आहे. जुने जाणते लोक नव्या घोड्याला म्हाताऱ्या घोड्याच्या मागे चालवायचे ते उगाच नाही.

माणूस घाबरला तर?

स्वीडनमध्ये एक गमतीशीर प्रयोग झाला. काही माणसांना घोडा घेऊन एका ठराविक रस्त्यानं चार वेळा जायला सांगितलं. चौथ्या फेरीआधी त्यांना सांगितलं गेलं की आता घोडा जाताना अचानक छत्री उघडली जाईल. प्रत्यक्षात छत्री उघडलीच नाही. तरी चौथ्या फेरीला माणसांच्या हृदयाचे ठोके वाढले आणि घोड्यांचेही! घोड्यांना छत्रीचं काहीच माहीत नव्हतं. त्यांना फक्त आपला माणूस ताणलेला आहे, एवढं कळलं.

म्हणून बुजऱ्या घोड्यावर नवशिका स्वार बसवणं म्हणजे दोन घाबरटांची गाठ घालणं. दोघांपैकी एक तरी जाणता हवा.

पहिली रपेट कशी असावी?

जमिनीवरची शाळा झाली की खोगीर. आधी नुसतं पाठीवर ठेवायचं आणि काढायचं. तंग एकदम आवळायचा नाही, टप्प्यानं. मग पाठीवर नुसतं ओणवं होऊन भार द्यायचा, उतरायचं. घोडा उभा राहतोय याची खात्री पटल्यावरच रिकिबीत पाय.

पहिल्या रपेटी छोट्या आणि ओळखीच्या वाटेच्या असाव्यात. सुरुवातीला ती वाट घोड्याला हातात दोर धरून पायी दाखवलेली असावी. फक्त चाल, दुडकी नाही आणि चौखूर तर मुळीच नाही. घराकडे परतताना घोडे घाई करतात. त्या वेळी पळू दिलं की ती सवय लागते, म्हणून परतीची वाटही चालीनंच.

मग एकेक नवी गोष्ट वाढवायची. उतार, ओढ्यातलं पाणी, बंधाऱ्याची भिंत, मेंढरांचा कळप, डांबरी रस्ता ओलांडणं. पावसाळ्यात काळ्या मातीत पाय रुततो, तिथं एकदा घसरलेला घोडा ती जागा विसरत नाही. भोकरदन, जाफराबादकडच्या डोंगरउतारावर घोड्याला मान मोकळी द्यावी लागते, कारण तोल सांभाळायला त्याला मान लागते.

वाटेत तो एखाद्या वस्तूला थबकला तर? त्याला बघू द्यायचं. वाद्या सैल, आवाज शांत, दोन क्षण थांबायचं. ढकलायचं नाही, मारायचं नाही आणि लगेच तोंड फिरवून पळूही द्यायचं नाही. फारच ताणला असेल तर खाली उतरून त्याच्या पुढे चालायचं. उतरणं म्हणजे हार नाही.

घोडा उधळलाच तर?

घाबरलेला स्वार दोन्ही वाद्या जीव खाऊन ओढतो. घोडा त्या ओढीवरच मान टाकतो आणि आणखी जोरात पळतो. त्याऐवजी पहिल्या एक-दोन क्षणांत एकच वादी हळूहळू ओढून घोड्याला मोठ्या गोलात वळवतात आणि गोल लहान करत आणतात. वळणावर पळता येत नाही, वेग मोडतो. हे वळण घोड्याला आधी मोहरकीवर, मग उभ्यानं, मग चालीत शेकडो वेळा शिकवलेलं असावं लागतं. न शिकवलेल्या घोड्याला भरवेगात, अरुंद वाटेवर असं झटक्यात वळवलं तर तो कोसळू शकतो.

आणि हेल्मेट. ते नसेल तर बाकी सगळ्या सल्ल्यांना अर्थ नाही.

असा घोडा दिसतो कुठे?

पंढरीच्या वारीत. ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखी सोहळ्यातले अश्व बेळगाव जिल्ह्यातल्या अंकलीच्या शितोळे सरकारांकडून येतात. शेकडो किलोमीटर चालत ते आळंदीला पोहोचतात आणि पुढे पंढरपूरपर्यंत जातात. रिंगणात चहूबाजूंनी माणसांची भिंत असते, टाळ-मृदंगाचा गजर असतो. दोन अश्वांपैकी माउलींच्या अश्वावर तर कुणी स्वारही नसतो. तरी तो ठरलेल्या जागेतून धावतो. भाविकांसाठी तो श्रद्धेचा विषय आहे. शिकवणीच्या अंगानं बघितलं तर गर्दी, आवाज आणि वाटचालीची लहान लहान पावलांनी लागलेली सवय काय करू शकते, त्याचा तो नमुना आहे.

दुसरं ठिकाण माथेरान. मोटारगाड्यांना बंदी असलेल्या या डोंगरावर पर्यटकांना घोड्यावरून फिरवतात. लाल मातीच्या अरुंद वाटा, उड्या मारणारी माकडं, आणि पाठीवर आयुष्यात पहिल्यांदा बसलेला माणूस. तिथला घोडा याला रोज सामोरा जातो. पण तोच घोडा जालन्यातल्या डीजेपुढे उभा केला तर बुजेल. कारण घोडा "सगळ्यासाठी" धीट होत नाही. ज्याची सवय लावली, त्यालाच तो सरावतो.

तुम्ही फक्त बसणार असाल तर हे बघा

परण्याला घोडा ठरवताना किंवा फिरायला गेल्यावर लेकराला घोड्यावर बसवताना दोन मिनिटं काढून एवढं बघा.

१. कान आणि डोळे: कान मागे चिकटलेले, डोळ्यातलं पांढरं दिसतंय, नाकपुड्या फुललेल्या असतील तर बसू नका.

२. पाय आणि शेपटी: घोडा सतत पाय बदलतोय, शेपटी आपटतोय, पुन्हा पुन्हा लीद टाकतोय, ही ताणाची लक्षणं आहेत.

३. तोंड आणि पाठ: ओठांच्या कोपऱ्यात जखम, पाठीवर सोलवटल्याच्या खुणा आहेत का? असतील तर त्याला दुखतंय. तो कधीही झटका देईल.

४. मालकाचा हात: मालक घोड्याजवळ जाताना घोडा मान वर करून मागे सरतो का? मग तो मार खाल्लेला आहे.

५. वजन: खोगिरासह एकूण भार घोड्याच्या वजनाच्या १५ ते २० टक्क्यांच्या आत असावा, असं साधारणपणे मानलं जातं. तीनशे किलोच्या घोड्याला ४५ ते ६० किलो. म्हणजे नवरदेव आणि पुढे-मागे दोन पोरं हे त्याला झेपणारं नाही.

६. आवाज: स्पीकर घोड्यापासून जितका लांब तितका चांगला. फटाके नकोच. घोड्याच्या मागून कुणी नाचणार नाही हे आधीच सांगून ठेवा.

यात्रेतून घोडा विकत घेणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. थकवून किंवा गुंगीचं औषध देऊन घोडा शांत दाखवणं ही जगभरातल्या घोडेबाजारांतली जुनी युक्ती आहे. म्हणून एकदा बघून सौदा करू नका. सकाळी बघा, संध्याकाळी बघा, दुसऱ्या दिवशी पुन्हा बघा. नाचणारा घोडा बघून भुलू नका. रपेटीसाठी नाचता येणारा नाही, उभं राहता येणारा घोडा लागतो.

किती दिवस लागतात?

ठरावीक उत्तर नाही. कमी वयाचा, मार न खाल्लेला घोडा काही महिन्यांत शेतवाटेला सरावतो. ज्याला आधी चुकीचं शिकवलं गेलं, त्याला वर्षही लागू शकतं. काही घोडे अनोळखी स्वाराला पाठीवर घेण्याइतके कधीच निवांत होत नाहीत आणि ते मान्य करणंही शहाणपणाचं असतं. जो घोडा मागच्या पायांवर उभा राहतो, चावतो किंवा ठरवून लाथा झाडतो, त्याच्यावर घरच्या घरी प्रयोग न करता जाणकार माणसाकडे न्यायला हवं.

अशा सगळ्या शिकवणीनंतरही घोडा घाबरायचा थांबत नाही. फटाका वाजला की भरवशाचा घोडाही दचकतो. पण दचकल्यावर तो पळत नाही. जागेवर थांबतो आणि कान मागे वळवून पाठीवरच्या माणसाचा अंदाज घेतो. त्या क्षणी तो माणूस शांत असला की घोडा पुढचं पाऊल टाकतो.